छपराखालची बाई

नांदसुऱ्याला खाडीच्या तोंडाशी जो काळा कातळ आहे, त्यावर एक खूण कोरलेली दिसते. वर छप्पर आणि खाली बसलेली बाई. येणारे पाहुणे देवी समजून हात जोडतात. म्हातारा लक्षू तांडेल त्यांना खुशाल हात जोडू देतो आणि मग म्हणतो, “देवी नाही ती. चिनी अक्षर आहे. बसा, सांगतो.”

फार पूर्वी एक चिनी गलबत या कातळावर फुटलं आणि लिन नावाचा सुतार तेवढा वाचला, असं सांगतात. येसू खारवीण विधवा बाई, घरात ती आणि तिची लेक तुळसा. तिने लिनला पडवीत जागा दिली. भाषा कोणाची कोणाला कळेना, पण गड्याचा हात कसबी. पाट, पोळपाट, काठवट, जे करील त्याच्या वरच्या अंगाला भोक पाडायचा आणि खुंटीला टांगायचा. येसूची भिंत भरून गेली म्हणे.

श्रावणात तुळसा कालवं काढायला गेली आणि भरतीने तिची होडी खाडीत आत ओढून नेली. वरून पाऊस, खाडीला पूर. लिन काठाकाठाने शोधायला निघाला. येसू अंगणात येऊन बसली. पोर छपराखाली जाईपर्यंत आपणही जायचं नाही, असा तिने पण केला. दोन दिवस पावसात बसून होती. बायका ओढून ओढून दमल्या, पण बाई हलेल तर शपथ.

तिसऱ्या दिवशी ओहोटीबरोबर एक फळी वाहत आली. तिच्यावर पटाशीने काही कोरलेलं. पुरुषांनी ती हातात घेतली आणि त्यांचे चेहरे उतरले. दर्यावरची माणसं ती, त्यांना जिथे तिथे होडी दिसायची. इथेही दिसली. खाली होडी, आणि आत डोकं खाली, पाय वर झालेली बाई.

“येसू, रड बाय आता,” त्यांच्यातला म्होरक्या म्हणाला.

येसू रडली नाही. तिने फळी मागून घेतली, बोटांनी चाचपली. भोक खालच्या अंगाला होतं. तिचा जीव भांड्यात पडला.

“मेल्यांनो, उलटी धरलीत,” ती म्हणाली आणि तिने फळी फिरवली. वर छप्पर, खाली निवांत बसलेली बाई. म्हणजे तुळसा कोणाच्या तरी घरात होती. येसू उठली, घरात गेली आणि ओल्या लुगड्यानिशीच गाढ झोपली.

पूर ओसरल्यावर लिन तुळसाला घेऊन आला. पाय मुरगळला होता, बाकी पोर ठणठणीत. वरच्या वाडीतल्या एका म्हातारीने तिला ठेवून घेतलं होतं. वाट पाण्याखाली गेलेली, म्हणून लिनने फळी सोडली होती. नंतर त्याने तीच खूण कातळावर कोरली.

पुढे गावची लेक सासरी पोचली की तिकडून अशी फळी यायला लागली. मग परमुलखात गेलेले पुरुषही धाडू लागले. खुणेतली बाई तशीच राहिली, अर्थ तेवढा वाढला. जो कोणी असेल तो सुखरूप आहे. चीनमध्येही या अक्षराचा अर्थ हाच, असं एका शिकलेल्या पाहुण्याने सांगितलं, तेव्हा लक्षू म्हणाला, “असेल. आमच्या येसूला कोणी शिकवलं नव्हतं.”

आजही नांदसुऱ्यात लेकीची पाठवणी झाली की आई अंगणात बसून राहते. आता फळीचा फोटो फोनवर येतो. आई आधी भोक वरच्या अंगाला आहे ना ते बघते, आणि मगच उंबरा ओलांडते.