नांदखडीच्या तळ्यावरच्या दोन राशी

ही हकीकत मला सखोबा गुरवांनी सांगितली, असं मी आजवर म्हणत आलो. हल्ली वाटतं, त्यांच्या थोरल्या बहिणीनं सांगितली असावी. इतिहास शिकवताना जन्मभर मुलांना "टिपण करा" म्हणून बजावलं, आणि त्या दिवशी मीच टिपण केलं नाही.

नांदखडीच्या तळ्याच्या बांधावर दगडांच्या दोन राशी आहेत. काळ्या दगडांची पुरुषभर उंच, पांढऱ्या गारगोट्यांची जेमतेम टोपलीभर.

फार पूर्वी, म्हणे, भर पावसात दुपारी बांध फुटला आणि उभी भातं वाहून गेली. राखणदार राणोजी झोपला होता, असं गाव म्हणू लागलं. त्यानं बायकापोरांसह गाव सोडावं, असं ठरलं. राणोजीनं भांडीकुंडी बांधलीसुद्धा. तेव्हा भिवाई कुंभारीण पारावर आली.

"त्याला झोपलेला पाह्यला कुणी?"

"समद्या गावानं!"

"गावाला डोळं नसत्यात, बाबांनो. माणसांना असत्यात. एकेक जण या. पाह्यलं असंल त्यानं गारगोटी ठेवावी, ऐकलं असंल त्यानं काळा दगड."

काळी रास वाढत गेली. गारगोटी एकच पडली, दगडू तेल्याची.

"कुठनं पाह्यलंस?"

"माझ्या ओट्यावरनं."

"त्याच दुपारी माझी चार मडकी तुडवलीस. पावसात पुढ्यातलं दिसंना, म्हनालास. मडकी दिसंनात, अन् बांधावरचा राणोजी दिसला व्हय रं?"

गाव हसलं. दगडूनं, म्हणे, मान खाली घालून गारगोटी उचलली आणि काळा दगड ठेवला.

"मग बांध फुटला कशानं?" पाटलांनी विचारलं.

"ठावं न्हाई," भिवाई म्हणाली. "तसं म्हनायला लाजू नका. न पाह्यलेल्या गोष्टीपायी मानूस हाकलायला लाजा."

राणोजीनं बांधलेली भांडी पुन्हा सोडली. पुढं बांध बांधताना पहिला दगड त्यालाच ठेवायला लावला, असं सांगतात.

आजही ही गोष्ट सांगणारा आधी काळ्या राशीवर दगड ठेवतो; तिच्यातलं काही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला एखादाच गारगोटी ठेवतो. सखोबांनी ठेवला होता (की त्यांच्या बहिणीनं?). पुढं मीही दर वर्षी विद्यार्थ्यांना तिथं नेऊन दगड ठेवत आलो. माझ्या पुस्तकांपेक्षा त्या दगडानंच त्यांना जास्त शिकवलं, असं मला वाटतं. पण हेही माझं वाटणंच.

निवृत्तीनंतर नऊ वर्षांनी दुष्काळात तळं आटलं. मी काठी टेकत तळाशी उतरलो आणि बांध आतून पाहिला. मधला अकरा हात भाग निराळ्या दगडांचा आहे. चुकलो असेन म्हणून तीनदा मोजला. भिवाई होती का, राणोजी जागा होता का, ते त्या दगडांवरून कळत नाही. पण बांध एकदा फुटला होता, आणि तो पुन्हा बांधला होता. तेवढ्यापुरती एक गारगोटी मी पांढऱ्या राशीवर ठेवली.