आंबथडीची पांढरी रेघ

मंडळी, तुमच्या पायाशी चुन्याची जी रेघ दिसते आहे, ती या मैदानाला चारी बाजूंनी वेढते. आंबथडी शहराच्या ऐन मध्यावर एवढी मोकळी जागा, पण आत माणूस दिसणार नाही. मंडईला जाणाऱ्या बायका वळसा घालून जातात. लग्नाच्या वराती वळसा घालतात, आणि शाळेला उशीर झालेली पोरंसुद्धा. आत कंबरभर गवत माजलं आहे, कारण ते कापायला आत जायचं कोणी? त्या तिकडे वेलीने झाकलेलं जे दिसतं, तो हॉकीचा गोलपोस्ट आहे. हो, हॉकीचाच. हे हॉकीचं मैदान आहे, तुम्हाला खरं वाटणार नाही.

असं सांगतात की एके काळी आंबथडीला स्वतःची टीम होती. गल्लीतली नव्हे, पगारी खेळाडूंची, देशभर सामने खेळणारी. तिचं नाव आंबथडी तुफान. तिच्या अकरा जणांत सात जण इथल्याच शाळांतून आलेले, कारण सकाळी टीमचा सराव व्हायच्या आधी शहरातली पोरंपोरी याच मैदानावर खेळायची. सामन्याच्या दिवशी दुकानं बंद व्हायची. हे मात्र 'म्हणे' नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मग टीमच्या मालकांनी एक दिवस टीम उचलून दुसऱ्या शहरात नेली. कारण कोणी सांगितलं नाही. टेम्पोत सामान चढलं, खेळाडू मान खाली घालून गाडीत बसले, संपलं. तिथल्या सामन्यांत अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असतात. टीव्हीवर दिसतं ना आम्हाला! दिसलं की जीव नुसता जळतो.

त्या वेळी या मैदानावर फक्की मारायचं, म्हणजे चुन्याच्या रेघा आखायचं काम तुळशीराम लोणारी करायचे. चुन्याच्या भट्टीवर जन्म गेलेला माणूस. दोरी न लावता शंभर पावलं सरळ रेघ ओढायचे. टेम्पो वळणाआड गेला तेव्हा ते चुन्याची पाटी घेऊन अनवाणी निघाले आणि सगळ्या मैदानाभोवती रेघ मारून परत इथे आले. म्हणाले, "ज्यांची ही जागा हाय, ती अकरा जणं परत येत न्हाईत तवर या रेघंच्या आत कुनाचा पाय पडायचा न्हाई." जमलेल्यांतल्या अकरा जणांनी त्या पाटीत हात घालून शपथ घेतली. संध्याकाळपर्यंत सगळ्या शहराने घेतली.

पुढे म्हणे असा चमत्कार झाला की, त्या आठवड्यात तीन दिवस अवकाळी पाऊस पडला तरी रेघ पुसली गेली नाही. पुसली होती. तुळशीरामकाकांनी ती पहाटे उठून पुन्हा मारली. पण हे इथे कोणाला सांगू नका, भांडायला उठतील.

पोरांना सांगितलं, थोडे दिवस दुसरीकडे खेळा. ती मंडईमागे खेळली, तिथून हाकलली गेली, रस्त्यावर खेळली, आणि हळूहळू स्टिका माळ्यावर गेल्या. त्याचं कोणालाच काही वाटलं नाही. आम्ही सगळे टीमची वाट पाहण्यात गुंतलो होतो. खंडेनवमीला लोक घरोघर हत्यारं-अवजारं पूजतात, तशा आम्ही इथे रेघेबाहेर स्टिका मांडून पूजायला लागलो. पूजेला गर्दी दरवर्षी वाढत गेली.

आठव्या वर्षी, खंडेनवमीच्याच दिवशी, टीमचे मॅनेजर मैदान पाहायला आले. अल्मेडा त्यांचं नाव. तुफानकडून याच मैदानावर नऊ वर्षं खेळलेले. टीम परत आणायला मालकांचं मन वळत होतं, असं सांगतात, फक्त अल्मेडांनी हो म्हणायचं बाकी होतं. सगळं शहर रेघेभोवती उभं राहिलं. अल्मेडा गवताकडे बघतच राहिले. मग त्यांनी विचारलं, "इथे हल्ली खेळतं कोण?"

तुळशीरामकाकांची छाती फुगली. "कुनीबी न्हाई सायेब. आठ वर्सांत चिमनीबिगर कुनी आत उतरलं न्हाई. तुमच्यासाठी ठिवलंय."

अल्मेडांनी बूट काढले आणि मधल्या जागेपर्यंत जाऊन यावं म्हणून पाय उचलला. तेवढ्यात लोक ओरडले. शपथ अकरा जण परत येईपर्यंतची होती आणि ते तर एकटेच आले होते! त्या माणसाने उचललेला पाय मागे घेतला, बूट घातले आणि तुळशीरामकाकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "काका, मैदान आम्हाला कुठेही मिळतं. मी पोरं बघायला आलो होतो." गाडीत बसून ते गेले ते गेलेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीरामकाका इथे आले, म्हणे. हातात पाटी नव्हती, नातीची जुनी स्टिक होती. त्यांना आत जायचं होतं. लोकांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "काका, आठ वर्षं पाळलं, आता अगदी तोंडाशी आलंय, आता कशाला मोडता?" काका रडले. लोकांना वाटलं, भक्तीनेच रडले. पुढच्या खंडेनवमीला त्यांच्या नावाचा पहिला नारळ फुटला, आणि तो बघायला ते नव्हते.

त्यांचे हात धरणाऱ्यांत मी होतो. पाटीत हात घातलेल्या अकरांतलाही मी एक. आता दोनच उरलोय. मला कळून चुकलं आहे, पण माझ्याच्याने शपथ मोडवत नाही. भेकडपणा म्हणा हवं तर. पूजेच्या मीटिंगमध्ये विषय काढला तर म्हणतात, म्हाताऱ्याची श्रद्धा ढळली. म्हणून येईल त्या पाहुण्याला मी ही गोष्ट सांगतो आणि शेवटी हात जोडून म्हणतो की तुम्ही बाहेरगावचे, तुम्ही शपथ घेतलेली नाही, तुम्ही जा आत. चार पावलं टाका. एकदा पाय पडला की उद्या पोरं उतरतील, दहा वर्षांनी खेळाडू होतील, मग टीमला यावंच लागेल. बावीस वर्षं हेच सांगतो आहे. आणि आजही गोष्ट संपली की पाहुणे रेघेला हात लावतात, तो कपाळाला लावतात आणि मला म्हणतात, "येईल हो आजोबा, तुमची टीम नक्की येईल."

अहो, तुम्ही चपला कशाला काढताय?