वेटोळीचं दुसरं दार

त्या राज्यावर दिवसातून दोनदा समुद्र येई आणि दोनदा निघून जाई. मधल्या वेळात जो चिखल उघडा पडे, तेच राज्य. काठच्या वाळूत खेकडे राहत, मधल्या मऊ चिखलात तिसऱ्या नावाच्या शिंपल्या आणि किडे, पार खाली पाण्यालगत शंख. जागा कोणी नेमून दिल्या नव्हत्या. ज्याला जिथे श्वास घेता येई, तिथे तो राही.

डावखुऱ्या खेकड्याला हे पटेना. त्याची डावी नांगी अंगाएवढी मोठी, उजवी जेमतेम घास तोंडात घालण्यापुरती. मोठी नांगी उंचावून तो हलवू लागला की काहीतरी महत्त्वाचं चाललंय असं सगळ्यांना वाटे. त्यामुळेच घरांच्या मोजणीचं काम त्याच्याकडे आलं. जीव मनाचा फार चांगला. तिसरीमावशीची पोरं जागेविना ताटकळलेली त्याला बघवेनात. जागा वाचावी म्हणून त्याने नियम केला, एका बिऱ्हाडाला एकच दार.

मोजणी अडली ती वेटोळीपाशी. ही दिसायला गांडुळासारखी, चिखल खाऊन जगणारी, आणि मागच्या दाराशी वाळूची वेटोळी टाकणारी. तो ढीग डावखुरा रोज जाता-येता तुडवत असे.

"काकू, तुम्ही एकट्या, आणि दारं दोन?"

"एक यायचं, एक जायचं, बाबा."

"कोणी?"

"पाण्याने."

"पाण्याची नोंद आपल्याकडे होत नाही," डावखुरा म्हणाला. त्याने ओल्या चिखलाचा गोळा करून मागचं दार लिंपलं आणि वरून थोपटलं. वेटोळी आतून "बरं" म्हणाली. तिला वाद घालता येत नसे.

दोन ओहोट्या गेल्या. चिखल काळा पडला, त्याला कुजका वास येऊ लागला. तिसऱ्या ओहोटीला तिसरीमावशी धापा टाकत वर आली, मागोमाग तिची पोरं. उघड्यावरची तिसरी म्हणजे लांब चोचीच्या पक्ष्यांसाठी वाढलेलं ताट.

"मावशी, आत जा! पक्षी येतील!"

"आत श्वास कुठाय, मेल्या?"

डावखुऱ्याने चिखलाकडे पाहिलं. सगळ्यात काळा तो त्याच्याच थोपटलेल्या गोळ्याभोवती होता. काकूंच्या दारांतून खेळणारं पाणी तिथेच अडलं होतं. तो धावला. मोठी नांगी उगारली, पण तिने उकरता येईना. ती मिरवण्याचीच होती. शेवटी घास खायच्या इवल्याशा नांगीने तो कण कण काढत बसला. पक्ष्यांच्या सावल्या चिखलावर उतरल्या तेव्हा कुठे भोक पडलं.

"काकू!"

त्याने भोकात डोळा घातला; आत नुसता काळोख. तेवढ्यात समुद्र आला. पक्षी उडाले, मावशी पोरांसकट पाण्याखाली गेली. डावखुरा आपल्या बिळात दार लावून बसला. त्याला घास गोड लागेना. काकूंनी एकदा तरी भांडायला हवं होतं, असं त्याला सारखं वाटत राहिलं.

पाणी उतरताच तो बाहेर आला. मागच्या दाराशी वाळूचं ताजं वेटोळं पडलं होतं, काळंकुट्ट, आणि उन्हात त्याचा रंग हळूहळू उजळत होता. शेजारी मावशीची पोरं चिखलात निवांत रुतत होती.

खेकड्याची वाट मुळातच वाकडी. त्या दिवशी डावखुऱ्याने ती आणखी थोडी वाकडी केली, आणि त्या ढिगाला वळसा घालून तो पुढे गेला.