लेकीवर गेलेली आई

एक होतं गाव, बरं का, आणि त्या गावातले उंबरे बोलायचे.

हसू नका. आपलं दार करकरतं ते निराळं, ती बिजागरी. बोलवाडीचे उंबरे माणसासारखे बोलायचे, पण वर्षातून एकदाच, दसऱ्याला. ओजस, तू भिंतीकडे सरक. मैतू, तुझा एक पाय पांघरुणाबाहेर का? असू दे, तो बाहेरच असतो तुझा. ऐका आता.

ही गोष्ट तुमच्या शाळेच्या पुस्तकात आहे, ठाऊक आहे मला. कालच मैतूने वाचून दाखवली. पण पुस्तकात ती चुकीची आहे. सगळी नाही, शेवट चुकीचा आहे. आणि शेवट चुकला की मागची सगळी गोष्ट नासते, दुधात मिठाचा खडा पडावा तशी. कुठे चुकला ते सांगणारच आहे मी. आधी गोष्ट.

तर बोलवाडीत काय रीत होती? पोराचा पहिला दात पडला की येणाऱ्या दसऱ्याला त्याला नवे कपडे घालायचे. दाराला झेंडूचं तोरण बांधायचं. उंबऱ्याला हळदकुंकू वाहायचं. मग पोराने अंगणातून आत यायचं, उंबरा ओलांडून, आणि उंबरा सांगायचा हे पोर कुणावर गेलं. नाक आजोबांचं, म्हणायचा. चाल आत्याची. रडणं बापाचं. मग सगळे हसायचे, पेढे वाटायचे, आणि पोर त्या घरचं झालं.

आणि उंबरा बोललाच नाही तर? तर पोर त्या घरचं नाही. दिवस मावळायच्या आत त्याला वेशीबाहेर नेऊन सोडायचं. असा नियम होता. कुणी केला, कधी केला, कुणालाच माहीत नव्हतं, पण पाळायचे मात्र सगळे. असल्या नियमांची मला फार चीड आहे.

त्या गावात सगुणा नावाची बाई होती. तिचा नवरा केरबा. दोघं शेळ्या राखायची. मूलबाळ नव्हतं. एका दसऱ्याला सगुणा आपट्याची पानं आणायला रानात गेली. पाहते तर काय, आपट्याखाली एक तान्ही पोर. रडत नव्हती. शीळ घालत होती.

तान्हं मूल शीळ कसं घालेल, असं विचारू नका. उंबरा बोलला ते चाललं ना तुम्हाला?

सगुणाने तिला पदरात घेतलं आणि घरी आणलं. केरबा म्हणाला, लोक सोनं म्हणून पानं आणतात, तू सोनंच घेऊन आलीस. मग पोरीचं नाव ठेवलं सोनसळी.

सोनसळी वाढली. केस पिकल्या नाचणीसारखे तांबूस. डोळे शेवाळासारखे हिरवे. आणि शीळ अशी घालायची की डोंगरापलीकडची शेळी कान टवकारायची. गावात असं कुणी नव्हतं. सगुणाला वाटायचं, आपल्यालाही शीळ यावी. पोरीच्या मागे रानात फिरताना ती ओठ मुरडून फुंकायची. नुसती हवा यायची. फुस्स. पोर हसायची आणि म्हणायची, आई, तू चूल फुंकतेस. सगुणा म्हणायची, थांब जरा, येईल मला.

हे लक्षात ठेवा हं. हे पुस्तकातही आहे, अगदी दुसऱ्या पानावर. लिहिणारा पुढे विसरून गेला. मी विसरले नाही.

पाणवठ्यावर बायका कुजबुजायच्या, ही कुणावर गेलीय कोण जाणे. मुद्दाम सगुणाला ऐकू जाईल अशा कुजबुजायच्या. सगुणा घागर डोक्यावर घ्यायची, मान ताठ ठेवायची आणि चालू लागायची. घागर डोक्यावर असली की मान ताठच ठेवावी लागते, पण तिची रिकाम्या डोक्यानेही ताठच असायची.

मग काय झालं? मग सोनसळीचा पहिला दात पडला.

पोर आनंदाने नाचत आली. म्हणाली, आई, कौलावर टाकू दे. सगुणाने तो दात मुठीत घट्ट धरला. कौलावर टाकला की सगळ्या गावाला कळणार होतं. पण पोरीच्या तोंडातलं खिंडार कुठे लपवणार? दसरा जवळ आला होता.

उंबरा तीनदा ओलांडायची मुभा असते, बरं का. तीनदा.

दसरा उजाडला. सगळं गाव केरबाच्या अंगणात जमलं. गावचे कारभारी रंभाजी पुढे बसले. पहिल्या खेपेला सगुणाने पोरीला केरबाच्या बहिणीचं लहानपणीचं परकर-पोलकं घातलं. कानात केरबाच्या आईच्या बुगड्या घातल्या. सोनसळीने उंबरा ओलांडला. उंबरा गप्प. तोरणातलं एक झेंडूचं फूल तेवढं खाली पडलं.

मग शेजारीण म्हणाली, अगं, केस काळे करा तिचे. तव्याची काजळी घेतली, माक्याच्या तेलात कालवली आणि चोपडली. केरबा म्हणाला, आबांसारखं खाकरायला शिकवतो. आबा म्हणजे त्याचे वडील. म्हातारबुवा होते तोवर दारात आले की खाकरायचे, सुनांना कळावं म्हणून. तर दुसऱ्या खेपेला सोनसळी आली कमरेवर हात ठेवून, वाकून, खाकरत. सगळं अंगण हसलं. केरबाही हसला. उंबरा गप्प.

मग पोर रडायला लागली आणि काजळी गालांवरून ओघळली. मग कुणी हसलं नाही.

सोनसळी रांजणापाशी गेली. तांब्याने पाणी घेतलं आणि डोकं खळखळून धुतलं. बुगड्या काढून आईच्या हातात दिल्या. ओल्या केसांनी सगळ्यांच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, "आता मी कुणासारखी होणार नाही. मी माझ्यासारखी येईन."

हे वाक्य पुस्तकात आहे. हे लिहिणाऱ्याला माझा नमस्कार. पोरीने असंच बोलावं.

पण पुढे त्याने काय केलं? तिसऱ्या खेपेला पोर पाय उचलते, आणि कुणाला तरी तिच्या टाचेवर तीळ दिसतो. तस्साच तीळ केरबाच्या आजीच्या टाचेवर होता म्हणे. उंबरा बोलतो, पेढे वाटतात, गोष्ट संपते.

मी तो तीळ मानत नाही.

का ते सांगते. एक तर त्या तिळाचा आधी कुठे पत्ताच नाही. शीळ आहे, शेळ्या आहेत, नाचणीसारखे केस आहेत. तीळ नाही. दुसरं, सगुणाने त्या पोरीला रोज पायांवर घेऊन तेल चोळलं, न्हाऊ घातलं, टाचेला काटा मोडला तर सुईने काढला. आणि तिला तीळ दिसला नाही? ज्याने हे लिहिलं त्याने जन्मात कधी पोराला न्हाऊ घातलेलं नाही, लिहून घ्या माझ्याकडून. आणि तिसरं सगळ्यात वाईट. तीळ नसता तर? तर त्या पोरीला वेशीबाहेर सोडलं असतं आणि गोष्ट त्याला बरोबर म्हणाली असती? मग ताठ मानेने बोललेल्या त्या वाक्याचं काय झालं?

काल संध्याकाळी न्हाणीच्या दाराशी बसून एक मुलगी आपल्या टाचा उलटसुलट करून पाहत होती. मी नाव घेत नाही. पण तेव्हाच ठरवलं, ही गोष्ट आज नीट सांगायची.

तर खरं काय झालं ते ऐका.

दिवस कलला होता. कारभारी म्हणाले, तिसरी खेप होऊन जाऊ दे. सोनसळी निघाली, तेवढ्यात सगुणाने तिला हाताने थांबवलं. म्हणाली, "कारभारी, हा उंबरा माझ्याशी कधी बोलला?"

कारभारी म्हणाले, तुझ्याशी कशाला बोलेल, तू सून.

"तुमचा उंबरा तुमच्या आईशी बोलला?"

कारभाऱ्यांची आई आवडाबाई तिथेच ओट्यावर काठी घेऊन बसली होती. नदीपलीकडून आलेली, घारी, उंच. कारभाऱ्यांच्या घरातली सगळी माणसं बुटकी. सगळ्यांनी म्हातारीकडे पाहिलं. म्हातारी म्हणाली, "नाही बोलला मेला. जन्म गेला त्याला सारवण्यात, पण कधी ये म्हणाला नाही."

मग सगुणा म्हणाली, "म्हणजे या गावातल्या घराघरातल्या सुना कुणावरच गेलेल्या नाहीत. या आवडाबाईंचे डोळे त्यांच्या घरात कुणाचे नाहीत. माझी हनुवटी या घरात कुणाची नाही. आम्हाला कुणी वेशीबाहेर सोडलं नाही. आम्ही तांदळाचं माप लवंडून आलो आणि घरच्या झालो. मग ही माझ्या पदरातून आली तर बिघडलं काय?"

पाणवठ्यावर कुजबुजणाऱ्या बायका होत्या ना, त्या सगळ्या दुसऱ्या गावांहून आलेल्या. एकीचंही नाक सासरच्या कुणासारखं नव्हतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोरांची नाकं जुळवत होत्या, आणि हे एकीच्याही ध्यानात आलं नव्हतं. होतं असं. जो उंबरा आपण रोज ओलांडतो, तोच आपल्याला दिसत नाही.

कारभारी वाईट नव्हते. हेकट होते. म्हणाले, बोलतेस ते पटतं. पण घरातल्या दोघांत काहीतरी सारखं हवं, आणि ते उंबऱ्याने सांगायला हवं. मला नियम एवढाच ठाऊक.

"एवढाच?" सगुणाने विचारलं.

"एवढाच."

"मग तिसऱ्या खेपेला मी ओलांडते."

असं आधी कधी झालं नव्हतं. पण नियमात बसत होतं. कारभाऱ्यांनी डोकं खाजवलं आणि मान हलवली.

सगुणा अंगणाच्या टोकाला गेली. पदर खोचला. उंबरा ओलांडला आणि आत उभी राहिली. मग तिने ओठ मुरडले आणि फुंकर घातली. फुस्स. मागे कुणीतरी फिसकन हसलं. तिने पुन्हा फुंकर घातली. फुस्स. सोनसळी अंगणात उभी होती. तिने फक्त स्वतःचे ओठ ओले केले. सगुणाने ते पाहिलं आणि आपलेही ओठ ओले केले. मग तिसऱ्यांदा फुंकर घातली.

आणि शीळ आली. बारीक होती, वाकडी होती, मधेच फाटली. पण सूर तोच. आपट्याखालचा. डोंगरावरच्या शेळ्यांनी माना वर केल्या आणि सगळ्या टेकडी उतरून घराकडे धावत सुटल्या.

मग उंबरा करकरला. आधी त्याने मोठी जांभई दिली. मग म्हणाला, "ओठ लेकीचे. सूर लेकीचा. ताठा लेकीचा. ही आई लेकीवर गेली."

सगुणा तिथेच उभी राहिली. तिच्याशी तो पहिल्यांदा बोलला होता. आणि सोनसळी? ती धावत आत शिरली आणि आईला बिलगली. तिने उंबरा ओलांडला तेव्हा तो काही बोलला नाही. तिच्याबद्दल विचारायचं काही राहिलंच नव्हतं.

मग आवडाबाई उठली. म्हणाली, सरका सगळे, माझा मेला काय म्हणतो ते बघू दे. काठी टेकत घरी गेली आणि उंबरा ओलांडला. उंबरा म्हणाला, हट्ट नातवाचा. म्हातारीला इतका आनंद झाला की ती उंबऱ्यावरच बसून राहिली. उंबऱ्यावर बसू नये म्हणतात. त्या दिवशी तिला कुणी उठवलं नाही. मग गावातल्या सगळ्या सुना आपापल्या दारात गेल्या, आणि दिवेलागणीपर्यंत बोलवाडीचे उंबरे बोलत होते. एक सासू तर सुनेवर गेलेली निघाली. तिने ते कुणाला सांगितलं नाही, पण भिंती पातळ होत्या.

तेव्हापासून बोलवाडीत कुणालाच वेशीबाहेर सोडत नाहीत. बारशाला अजून विचारतात, बाळ कुणावर गेलं? पण लगेच एखादी म्हातारी पाळण्यावर वाकते आणि म्हणते, ते राहू द्या. बाळावर कोण जाणार ते सांगा. मग घरातले पुढे होतात. आज तुम्ही त्या गावात गेलात तर अख्खी आळी शीळ घालताना दिसेल. केरबाला नीट येत नाही, त्याचे पुढचे दात गेलेत. पण घालतो. शेळ्या दूध देतात, मायलेकी एकाच सुरात भांडतात, आणि सगळं सुखात आहे.

झाली गोष्ट. ओजस झोपलाच. मैतू, तू जागी आहेस, कळतंय मला.

धड्याखाली प्रश्न आहे ना, सोनसळी त्या घरची कशामुळे ठरली? उत्तर लिही, तिळामुळे नाही. बाईंनी विचारलं मग कशामुळे, तर ही गोष्ट सांग. मार्क कापले तर कापू देत. मी येईन शाळेत, पुस्तक घेऊन, दुसरं पान उघडून.

आणि हे बघ इकडे. माझाही एक पाय पांघरुणाबाहेर आहे. तू या घरात येईपर्यंत मी जन्मभर कानापासून अंगठ्यापर्यंत पांघरून झोपत होते. उद्या विचार आजोबांना, ते सांगतील मी कुणावर गेलेय.

डोळे मिट आता.