ताठ मानेचे बारा फोटो

“मास्तर, चुकतंय कुठं, ते तरी सांगा!”

विश्वजितनं विचारलं खरं, पण त्या विचारण्यात ‘चुकलेलं नाहीच’ हाच सूर जास्त होता.

टेबलावर बारा फोटो पसरले होते. बाराही त्याचेच, आणि प्रत्येकात तो दोनदा. डावीकडचा विश्वजित कॅमेऱ्याचा पट्टा दोन्ही हातांनी पुढं करतोय, उजवीकडचा तो गळ्यात घालून घेतोय. मागं काळा पडदा. एकदा डावीकडं बसून फोटो घ्यायचा, आणि रीळ पुढं न सरकवता, उजवीकडं बसून, त्याच फोटोवर दुसरा घ्यायचा. कऱ्हाडच्या दस्तगीर मास्तरांच्या वर्गातला हा शेवटचा धडा. एकाच चौकटीत स्वतःला दोनदा पकडा.

“मी कुणाकडून काही घेतलं नाही,” विश्वजित म्हणाला. “माझ्या हाती कॅमेरा मीच दिला. तेच दाखवलंय.”

पुण्यात नाव कमावलेला, बक्षिसांनी भिंत भरलेला माणूस. जुन्या रिळाचं काम शिकायला चार दिवस आला होता. सत्तरी ओलांडलेले मास्तर यानंतर वर्ग बंद करणार होते. त्यांच्या तोंडून ‘जमलं’ ऐकल्याशिवाय त्याला परत जायचं नव्हतं.

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“देणारा झकास जमलाय. घेणारा न्हाई जमला.”

“का?”

“हातच्या कांकणाला आरसा कशाला? मान बघ की त्याची.”

विश्वजितनं पाहिलं. बाराही फोटोंत मान ताठ. मोडेन पण वाकणार नाही!

“पट्टा गळ्यात पडायचा तर मान खाली नको व्हायला?”

“समोर रिकामी खुर्ची असते, मास्तर. तिच्यापुढं काय मान वाकवायची?”

“मग देणारा कसा जमला? त्याच्याही समोर खुर्ची रिकामीच की.” मास्तरांनी एका फोटोवर बोट ठेवलं. “हे बघ, पट्ट्याचं टोक मनगटाला दोनदा गुंडाळलंय. हे मी न्हाई शिकवलं. कुणाचं हे?”

विश्वजितनं फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला.

अण्णाचं होतं. कॅमेरा पडू नये म्हणून पट्टा मनगटाला गुंडाळायची सवय थोरल्या भावाची, अण्णाची. आणि आपण बाराही वेळा तसंच केलं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

मास्तरांनी नवं रीळ भरलं. “बस उजवीकडं. आज घेणाऱ्यापासनं सुरुवात करू.”

विश्वजित बसला. डावीकडची खुर्ची रिकामी होती. तिच्याकडं बघता बघता त्याला पाटणचं घर आठवलं. भर दुपारी खिडक्यांना गोधड्या लावून अंधार केलेला. परातीतल्या रसायनात फोटोचा कागद, आणि दोघं भाऊ श्वास रोखून वाकलेले. त्यानं काढलेला पहिला फोटो कागदावर उमटला, तो शेजाऱ्यांच्या म्हशीचा. हसून हसून दोघं जमिनीवर लोळले होते. काय दिवस होते ते!

“आधी पट्टा गळ्यात, मग बोट बटणावर,” तो हळूच म्हणाला. “अण्णा म्हणायचा. स्वतःच्या हातानं घालायचा माझ्या गळ्यात.”

मास्तर कॅमेऱ्याच्या तिपाईमागं उभे होते. “मग?”

“त्याला वाटायचं, दोघांनी मिळून पाटणलाच दुकान चालवावं. मला पुणं हवं होतं. भांडण झालं... तरी निघालो त्या दिवशी यष्टी स्टँडवर आला. मी शिकलो तोच कॅमेरा घेऊन. खिडकीतनं पट्टा आत धरला. म्हणाला, ‘असू दे तुला.’”

“आणि तू?”

“नको म्हटलं. माझं मी घेईन म्हटलं. गाडी सुटली, वळणावर गेली, तरी त्याचा हात तसाच वर होता, मास्तर. अकरा वर्षं झाली. मी गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाऊ?”

बोलता बोलता त्याची मान खाली गेली...

खट्.

विश्वजित दचकला. मास्तरांनी फोटो घेतला होता.

डोळे पुसून तो उठला आणि सवयीनं डावीकडच्या खुर्चीकडं निघाला.

“तिथं न्हाई बसायचं.”

“का? अर्धा फोटो राहिलाय ना?”

मास्तरांनी काळा पडदा उतरवला, नीट घडी करून त्याच्या काखेत दिला. मग तिपाईवरचा कॅमेरा काढला आणि पट्टा दोन्ही हातांनी त्याच्यासमोर धरला. विश्वजित क्षणभर थांबला. मग त्यानं मान वाकवली.

“पाटणची यष्टी अर्ध्या तासात हाय. त्या खुर्चीवर ज्याचा हक्क हाय, त्याला बसव.”

विश्वजित दारापर्यंत गेला आणि वळला.

“पण मास्तर... फोटो तर स्वतःचा काढायचाय.”

“म्हणून तर पाठवतोय. आणि वाटेत रीळ पुढं सरकवू नकोस.”