मायाप्पाच्या सहीचे पैसे

माळेवाडी गावचा एक भोळा पोरगा होता. नाव मायाप्पा कोळेकर. अंगानं रेडा, स्वभावानं कोकरू. होस्टेलवर राहून तालुक्याच्या कॉलेजात शिकायचा आणि कॉलेजकडून कबड्डी खेळायचा. सांगितलेलं काम सांगितलं तसंच करायचं, हा त्याचा गुण. आणि त्याचा अवगुणही हाच.

त्याचे खेळाचे शिक्षक होते शिंत्रे सर. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मायाप्पा, पाय धरलास की सोडायचा नाही."

मायाप्पानं ते डोक्यात पक्कं ठेवलं. पहिल्याच सामन्यात त्यानं एकाचा पाय धरला. पंचांनी शिट्टी वाजवली. सामना संपला. लोक चहाला गेले. मायाप्पा पाय धरून बसलेलाच. तो पोरगा रडकुंडीला आला, तेव्हा सर पळत आले.

"अरे, सोड त्याला!"

"आता सोडू म्हणता?"

"हो!"

मग सोडला.

असा गडी संघात असल्यावर काय होणार? त्या वर्षी कॉलेजनं विद्यापीठाची ढाल जिंकली. संघातली सगळी पोरं गरीब घरची. ढालीबरोबर खेळाचं प्रमाणपत्र मिळणार होतं आणि त्या प्रमाणपत्रावर पोलीस भरतीत राखीव जागा होती. कॅप्टन उत्तम तर त्या आनंदात मैदानावरच ढसाढसा रडला. मायाप्पाही रडला. उत्तम रडतोय म्हणून.

त्याच सुमारास होस्टेलचा फॉर्म भरायचा होता. रेक्टरनं जिथं सही करायची, तिथं मायाप्पानं आपली ठोकून दिली. शिंत्रे सर वैतागले. म्हणाले, "वाचल्याशिवाय कुठंही सही करू नये, कळलं?"

मायाप्पानं ते डोक्यात पक्कं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी जवळच्या एका शाळेत संघाचा सत्कार होता. सत्कार झाला, गाडी निघायची वेळ झाली, तेवढ्यात चौथीतली एक मुलगी धावत आली. तिच्या हातात शाळेचं पुस्तक होतं. पहिल्या पानावर बोट ठेवून म्हणाली, "दादा, सही द्या ना."

मायाप्पानं पुस्तक घेतलं आणि खाली मांडी घातली. पहिला धडा काढला. एकेका ओळीवर बोट ठेवून वाचू लागला. पाण्याचे स्रोत झाले. हवेचे घटक झाले. ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला. मुलगी म्हणाली, "दादा, मला घरी जायचंय."

"थांब की गं. अजून पचनसंस्था राह्यलीय."

गाडी निघून गेली. मुलगी पुस्तक तिथंच टाकून रडत घरी गेली. मायाप्पानं पुस्तक संपवलं, सही केली, शाळेत नेऊन दिलं आणि चालत होस्टेलवर आला.

शिंत्रे सरांनी कपाळाला हात लावला. "लेका, कोणी सही मागितली की वाचत बसायचं नसतं! झटकन सही करायची, हसायचं आणि चालू लागायचं."

"असं व्हय?" मायाप्पा म्हणाला. आणि त्यानं ते डोक्यात पक्कं ठेवलं.

चार दिवसांनी तो कचेरीवरून चालला होता. झाडाखाली एक पोरगा आणि एक पोरगी घामाघूम होऊन उभी. पोरगी म्हणाली, "दादा, एक सही कराल का? फार उपकार होतील."

मायाप्पा आत गेला. दाखवली तिथं झटकन सही केली. हसला. चालू लागला.

ते लग्न होतं. पळून जाऊन केलेलं. एक साक्षीदार कमी पडत होता, तो मायाप्पानं भरून काढला. आणि पोरगी होती प्राचार्यांची सख्खी भाची.

प्राचार्यांनी शिंत्रे सरांना बोलावून घेतलं. आत काय बोलणं झालं ते बाहेर कळलं नाही, कारण शिपायानं बाहेरून दार ओढून घेतलं होतं. सर बाहेर आले ते लालबुंद होऊन.

"तू त्या लग्नात साक्षीदार?"

"सही मागितली त्यांनी. केली, हसलो, चाललो."

"अरे, तुझा काय संबंध? काही विचारशील की नाही? कोणी सही मागितली की आधी विचारावं माणसानं, यात माझं काय?"

मायाप्पानं तेही डोक्यात पक्कं ठेवलं. झोपताना दोनतीनदा म्हणूनही बघितलं. यात माझं काय? यात माझं काय?

दुसऱ्या दिवशी सदूभाऊ तांबट होस्टेलवर आले. बाजारपेठेत त्यांचं खेळाच्या सामानाचं दुकान. सोबत टी-शर्टांचा गठ्ठा आणि जाड पेन. "खेळाडूची सही असली की माल हातोहात खपतो. कर बरं या सगळ्यांवर."

मायाप्पानं त्यांच्याकडं बघितलं आणि सरांनी सांगितलं तसं विचारलं, "यात माझं काय?"

सदूभाऊ चमकले. पोरगा दिसतो तसा नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी डोळा मारला. "दहा रुपये. एका सहीला."

मायाप्पाला काहीच कळलं नाही. पण विचारायचं होतं ते विचारून झालं होतं. त्यानं सह्या केल्या. सदूभाऊंनी नोटा हातात ठेवल्या. मायाप्पानं त्या जेवणाच्या डब्यात ठेवल्या. पुढं काय करायचं ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

मग हे सुरूच झालं. शाळेतली पोरं वही घेऊन आली की मायाप्पा विचारायचा, "यात माझं काय?" पोरं घरी पळायची आणि खाऊचे पैसे घेऊन यायची. एक आजोबा नातवासाठी सही घ्यायला आले. त्यांनी पैसे दिले आणि वर चार शिव्याही दिल्या. लायब्ररीत पाटोळे बाईंनी पुस्तक देताना रजिस्टर पुढं केलं.

"इथं सही कर."

"यात माझं काय?"

"तुझं? तुझं डोंबल!"

मायाप्पा बराच वेळ डोंबलाची वाट बघत उभा राहिला.

परीक्षेत तर कहरच झाला. पर्यवेक्षकांनी हजेरीचा कागद पुढं केला. मायाप्पानं विचारलं, "यात माझं काय?" ते म्हणाले, "तुझं आख्खं वर्ष आहे यात, बाबा." मायाप्पाला ते बरं वाटलं. त्यानं लगेच सही केली.

बातमी फुटायला कितीसा वेळ लागतो? अंतिम सामन्यात हरलेल्या कॉलेजचे मगर सर सदूभाऊंच्या दुकानात गेले, सहीचा टी-शर्ट विकत घेतला आणि विद्यापीठात तक्रार ठोकली. कॉलेजचा खेळाडू सहीचे पैसे घेतो, नियम मोडतो, ढाल काढून घ्या. पेपरात फोटो आला. खाली छापलं होतं, सहीबहाद्दर.

उत्तम तो पेपर घेऊन खोलीवर आला. ओरडला नाही. नुसता खाटेच्या कडेला बसला. "मायाप्पा, ढाल गेली तर प्रमाणपत्र गेलं. प्रमाणपत्र गेलं तर माझी भरती गेली. माझ्या आईनं सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय रे."

मायाप्पा जेवत होता. त्यानं ताट बाजूला सारलं. "मी काय केलं पण?"

"पैसे घेतलेस."

"सरांनी सांगितल्यालं तेवढंच मी इचारलं."

उत्तमनं पेपराची घडी केली. तो उठून गेला. मायाप्पा त्या दिवशी जेवला नाही, आणि मायाप्पा जेवला नाही ही गोष्ट होस्टेलमध्ये पहिल्यांदाच घडली होती.

सकाळी तो डबा घेऊन सरांकडं गेला. सरांनी झाकण उघडलं. एकही नोट खर्च झालेली नव्हती. सरांनी डोक्यावरचे उरलेसुरले केस धरले.

"अरे देवा! सहीचे पैसे घ्यायचे नसतात रे, द्यायचे असतात! आजच्या आज देऊन टाक. लपूनछपून नको, चारचौघांत दे. आणि दिले की मोठ्यानं विचार, पोचले का? म्हणजे साक्षीदार राहतील."

"द्यायचं. चारचौघांत. पोचलं का." मायाप्पानं बोटांवर मोजून पक्कं केलं.

विद्यापीठानं तक्रारीची चौकशी लावली होती. त्या कामासाठी सर तिकडं गेले आणि मायाप्पा डबा घेऊन बाजारात. सदूभाऊंचं दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. मायाप्पानं नोटा काउंटरवर ठेवल्या आणि आरोळी ठोकली, "सहीचं पैसं! पोचलं का?"

"पोचले बाबा, पोचले," सदूभाऊ इकडंतिकडं बघत म्हणाले.

शाळेत गेला. प्रार्थना चालू होती. संपेपर्यंत थांबला, मग एकेकाचे पैसे दिले. पोरांनी एका सुरात सांगितलं, "पोचलेऽऽ!" आजोबांना देवळाच्या पारावर गाठलं. आजोबांनी पैसे घेतले. शिव्या परत घेतल्या नाहीत.

डबा रिकामा झाला. मायाप्पाला हलकं वाटलं. इथं थांबला असता तर बरं झालं असतं.

पण दुसऱ्या दिवशी भूगोलाचं प्रॅक्टिकल होतं. भूगोलाच्या सरांनी त्याची वही तपासली आणि खाली सही केली. सही बघताच मायाप्पाला आठवलं, सहीचे पैसे घ्यायचे नसतात, द्यायचे असतात. त्यानं खिशातून दहाची नोट काढली, सगळ्या वर्गासमोर टेबलावर ठेवली आणि विचारलं, "सर, पोचलं का?"

भूगोलाच्या सरांनी त्याला वर्गाबाहेर काढलं. नोटही त्याच्यामागं फेकली.

मायाप्पा व्हरांड्यात विचार करत उभा राहिला. विचार करायची त्याला सवय नव्हती, म्हणून वेळ लागला. सर एवढे का चिडले? शेवटी त्याला कळलं. एवढा शिकलेला माणूस, आणि त्याच्या सहीचे दहाच रुपये? रागावणारच की. मोठ्या माणसाला जास्त द्यायला पाहिजेत.

चौकशीचा दिवस उजाडला. प्राचार्यांच्या मोठ्या खोलीत बैठक होती. समितीचे अध्यक्ष डॉक्टर रसाळ मधोमध बसले. शिस्तीचा माणूस म्हणून त्यांचं नाव होतं. एका बाजूला मगर सर, दुसऱ्या बाजूला शिंत्रे सर. मागं संघातली पोरं अंग चोरून उभी. पेपरवालाही आला होता. आदल्या दिवशी गावाकडून निघताना आईनं मायाप्पाच्या हातात शंभराची नोट ठेवली होती. वरखर्चाला.

सदूभाऊंनी साक्ष दिली. पैसे मीच देऊ केले आणि त्यानं भर दुकानात परत केले, असं कबूल केलं. मग रसाळ साहेबांनी मायाप्पाला पुढं बोलावलं.

"सहीचे पैसे घेतलेस?"

"घेतलं," मायाप्पा म्हणाला. मागं उत्तमनं डोळे मिटले.

"का घेतलेस?"

"सर म्हणालं, सही मागितली की आधी इचार, यात माझं काय. मी इचारलं. लोकांनी पैसं दिलं."

खोलीत खसखस पिकली. शिंत्रे सर खुर्चीत खाली खाली सरकले.

"मग त्या पैशाचं काय केलंस?"

"डब्यात ठेवलं. काय करायचं ते कुणी सांगितलं न्हवतं."

रसाळ साहेबांनी चष्मा काढला. पोराच्या तोंडाकडं नीट बघितलं. त्यांच्या नोकरीत त्यांनी पुष्कळ लबाड बघितले होते आणि हा त्यातला नाही, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. ते हसले. "मगर सर, या पोराला नियम मोडायचा तर आधी नियम कळायला पाहिजे हो. पैसेही परत केलेत. ढाल या कॉलेजकडंच राहील. खेळाडू निर्दोष आहे."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. उत्तमनं पुन्हा रडायला सुरुवात केली. साहेब खुशीत आले. त्यांनी शिपायाला पाचशेची नोट देऊन सगळ्यांसाठी चहा सांगितला. निकालाच्या दोन प्रती टाइप होऊन आल्या. साहेबांनी पेन उघडलं आणि पहिल्या प्रतीवर झोकदार सही केली.

मायाप्पा समोरच उभा होता. त्यानं सही बघितली. माणूस तर भूगोलाच्या सरांपेक्षा केवढा तरी मोठा. त्यानं आईनं दिलेली शंभराची नोट काढली, घडी सरळ केली आणि साहेबांच्या हाताशी ठेवली.

साहेब मगर सरांशी बोलत होते. चहाचे सुटे आले, असं त्यांना वाटलं. त्यांनी न बघताच नोट उचलली आणि खिशात घातली.

मायाप्पानं मोठ्यानं विचारलं, "पोचलं का, सायेब?"

"हो, हो, पोचले," साहेब म्हणाले आणि त्यांनी दुसऱ्या प्रतीवर सही केली.

"सहीचं पैसं हाईत," मायाप्पानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

सगळ्या माना साहेबांकडं वळल्या. पेपरवाल्यानं फोटो काढला. तेवढ्यात दार ढकलून शिपाई आत आला. एका हातात चहाचा ट्रे, दुसऱ्या हातात नोटा. "साहेब, तुमचे सुटे."

रसाळ साहेबांचा हात सावकाश खिशाकडं गेला आणि तिथंच राहिला. मगर सर ताडकन उठले. "लिहून घ्या! अध्यक्षांनी सहीचे पैसे घेतले! सगळ्यांसमोर घेतले! पोचले म्हणून सांगितलं!"

शिंत्रे सर खुर्चीतून अर्धवट उठले. त्यांनी हातानंच मायाप्पाला खुणावलं, गप्प बस, गप्प बस. मायाप्पानं ती खूण बघितली. सर आपल्याला काहीतरी आठवण करून देतायत, हे त्याला कळलं. त्यानं टेबलाकडं नीट बघितलं आणि जीभ चावली.

"चुकलं, सायेब," तो हात जोडून म्हणाला. "तुमी दोन सह्या केल्या आणि मी एकीचंच दिलं. दुसरीचं उद्या आणून देतो. हितंच, चारचौघांत."