नीरफणसाची पहिली ओटी

देवळामागे हा जो ऐसपैस नीरफणस दिसतो ना, त्याला खुशाल हात लावा. फक्त चीक लागला तर माझ्याकडे खोबरेल मागू नका. ह्या झाडाने आमच्या कातळवाडीची एक रीत बदलली, असे सांगतात.

फार पूर्वी शेवंती नावाची सून ह्याचं रोप माहेराहून घेऊन आली. तिचं घर तेव्हा इथेच, देवळामागे होतं. पावसाळ्यात घरोघरी तांदूळ संपत आला की ती ह्या फळाचे काप हळद-तिखट लावून, पिठात घोळवून तव्यावर खरपूस भाजायची. कधी ओल्या खोबऱ्याच्या वाटपात भाजी करायची. वाडीतली सगळी पोरं तिच्या चुलीशी जेवायची म्हणे. पण तिचं स्वतःचं मूल नव्हतं. डोहाळजेवण कुणाचंही असो, रांधायला शेवंती आणि ओटी भरायला दुसऱ्या. शेवटी तिच्या सासूने, सत्यभामेने, मुलासाठी दुसरी मुलगी पाहिली. शेवंतीने माहेरी जायचं गाठोडं बांधलं.

सून गेली तरी ह्याची नवी रोपं लावता यावीत, म्हणून सासूला आठळ्या हव्या होत्या. त्या सुनेने लपवल्या असणार, असा तिचा पक्का समज. म्हणून जन्मात पहिल्यांदा ती स्वतः नीरफणस चिरायला विळीवर बसली. एक फळ चिरलं, दुसरं चिरलं. आठळी काही सापडेना.

"ह्येचा बी खंय गो?" तिने वैतागून विचारलं.

"ह्येका बी नसता, आये," शेवंती म्हणाली. "मुळाकच फुटवे येतत. भायर बघा, कितके इलेत ते."

सत्यभामा दाराशी गेली. झाडाभोवती कोवळे फुटवे उभे होते, आणि पडवीत वाडीची पोरं शेवंतीची वाट बघत बसली होती. म्हातारीला रडू आवरेना. तिने गाठोडं स्वतःच्या हाताने सोडलं आणि दुसऱ्या सोयरिकीला नकार कळवला.

पुढे सत्यभामेच्या लेकीचं डोहाळजेवण आलं. तिने ओटी भरायला शेवंतीलाच पुढे केलं. बायका कुजबुजल्या, तशी ती कडाडली, "माझ्या लेकीची पयली ओटी माझी सून भरतली!" ओटीत नारळाबरोबर नीरफणस घातला. लेक सुखरूप बाळंत झाली.

आजही आमच्याकडे पहिली ओटी जिला मूल नाही तीच भरते. आज परबांच्या सुनेचं डोहाळजेवण आहे. तुमच्यात अशी कुणी असेल, तर बाई, मागे उभी राहू नकोस. पुढे ये, ओटी तुझ्यासाठी थांबली आहे.